कानामागची कातडी

९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर दादाने पाकीट फोडून आधी स्वतः वाचलं असतं आणि मग जेवताना तुला मोठ्याने वाचून दाखवलं असतं, मधेमधे पदरची भर घालून. हे पत्र त्याच्या हाती पडायला नको आहे. वाचून झालं की फाडून टाक.

गेला महिनाभर माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं मी सांगते आहे. कॅमेरा धडधाकट आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. दुखणं काही नव्हतं. माझ्या वरच्या पापण्या जन्मापासून अर्ध्यावर येऊन बसलेल्या, त्या उचलून घ्यायच्या होत्या. तुझ्या नवऱ्याने मला पेंगू हे नाव ठेवलं तेव्हा मी चार वर्षांची होते, आता सत्तेचाळीस पूर्ण झाली. त्या नावाचा मला कधी राग आला नाही. पण डिसेंबरात मी वॉर्डात नाडी मोजत असताना एका पेशंटच्या जावयाने माझा फोटो काढला आणि ऑफिसात नेऊन दाखवला, की बघा, तुमची सिस्टर पेशंटचा हात हातात घेऊन झोपली आहे. फोटोत मी खरोखरच झोपलेली दिसत होते. चोवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो मला जागेपणी मिळाला.

मग मीच जाहिरात बघून एका दवाखान्यात गेले. अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर. डॉक्टर तरुण, हसरा, सारखा मॅम मॅम करणारा. त्याने पापणीची कातडी जास्त कापली. आता माझे डोळे पूर्ण मिटत नाहीत. आणि उघडे असतात तेव्हा असे असतात की मागून कुणीतरी किंकाळी फोडली आहे आणि मी वळून बघते आहे. झोपताना डोळ्यात मलम भरून पापण्या कागदी चिकटपट्टीने खाली ओढून चिकटवते.

तेही चालवून घेतलं असतं. पण सात नंबरच्या बेडवर एक आजोबा होते, हर्नियाचे. दुसऱ्या दिवशी घरी जाणार होते. मी त्यांचा पथ्याचा कागद घेऊन गेले, तर ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणाले, “सिस्टर, काय निघालं?” मी म्हटलं, “काही नाही आजोबा, उद्या घरी.” ते म्हणाले, “तुम्ही म्हणताय तसं, पण डोळ्यांत दिसतंय मला.” तिन्ही मुलांना बोलावून घेतलं, थोरल्याच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्या, आणि ब्लडप्रेशर इतकं चढलं की खरोखरच आणखी दोन दिवस राहावं लागलं. त्यानंतर असं चार वेळा झालं. एक बाई तर मला बघून इंजेक्शनच घेईना.

मेट्रनबाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी मला तळघरात पाठवलं, ऑपरेशनची हत्यारं धुऊन वाफेवर ठेवतात त्या विभागात. थोडेच दिवस, म्हणाल्या. तिथे नुसत्या कात्र्या आणि चिमटे असतात, ते मला घाबरत नाहीत.

दुरुस्तीचं ऑपरेशन करता येतं म्हणतात. करावं की नाही, माझं डोकं चालत नाही. तू सांग.

तुझी नणंद

२१ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र वाचलं आणि आधी त्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडली, मग तुझ्या. एवढी मोठी सिस्टर तू, दुसऱ्यांना शंभर प्रश्न विचारतेस, आणि स्वतःचे डोळे कुणाच्याही हातात दिलेस? माझ्या दुकानात बसून तू इतकी वर्षं बघते आहेस, आत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या कपड्याला कात्री लावत नाही. त्या मेल्याने माया ठेवलीच नाही. आखूड झालेल्या बाहीला जोडच द्यावा लागतो, आणि जोड कितीही हलक्या हाताने लावला तरी बघणाऱ्याला दिसतो. म्हणून म्हणते, घाई करू नकोस. दोन चांगल्या डॉक्टरांना दाखव, मग ठरव. पुन्हा जाहिरात बघून गेलीस तर मी तिथे येऊन तुझे कान उपटेन.

तुझे डोळे मला कधीच वाईट दिसले नाहीत. लग्नाच्या दिवशी सगळ्या बायका मला डोक्यापासून पायापर्यंत निरखत होत्या. तू एकटी कोपऱ्यात अर्धे डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, चला, ह्या घरात एकीला तरी माझी दया आली. तू पेंगत नव्हतीस, तुझे डोळेच तसे आहेत, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. ह्यांचंही हल्ली काही खरं नाही. पाठ धरली आहे म्हणतात. तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात वाकून ग्रीस लावलं, पाठ धरणारच. जेवण उतरलंय, भाजीवर तेल दिसलं की ताट सारतात. जानेवारीत नवीन पँट शिवून दिली होती, तिची कंबर दोनदा आत घेतली. छत्तीसची बत्तीस झाली! मी म्हटलं, म्हातारपणी हीरो व्हायला निघालात. तर म्हणतात, फोटो काढ आणि पेंगूला पाठव.

तू जेवत जा वेळेवर. आणि आरशात सारखी बघू नकोस.

तुझी वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं ऐकलं. आमच्याच हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या मॅडमना दाखवलं. साठीच्या आहेत, तोंडाने फटकळ, पण हात देवाचा. आधी मला भरपूर झापलं. मग माझ्या कानामागे बोट फिरवून म्हणाल्या, “इथली कातडी काढायची आणि पापणीला लावायची.” रंग थोडा वेगळा असतो, जवळून ठिगळ दिसेल. डोळे मिटतील, नजर बरीच शांत होईल. पूर्वीचा चेहरा परत येईल असं मात्र त्या लिहून द्यायला तयार नाहीत. आणि आत्ता हात लावणार नाहीत. वण मऊ पडायला सहा महिने जाऊ द्यायचे, म्हणजे ऑगस्ट. त्याच्या आत फक्त एकाच कारणासाठी करतील, बुबुळ सुकून त्यावर जखम झाली तर. तेव्हा डोळा वाचवायला घाई करावी लागते. म्हणून मलम एकही दिवस चुकवायचं नाही, असं तीन वेळा बजावलं.

मला भीती वाटते वहिनी. चोवीस वर्षं मी लोकांना ट्रॉलीवर घालून आत नेलं, काही होत नाही हो, म्हणत. आता मला त्या टेबलावर पुन्हा झोपायचं म्हटलं की तळपायाला घाम येतो. आत्ताचं तोंड भयंकर आहे, पण निदान कसं आहे ते मला माहीत आहे. पुढचं कुणी सांगावं? मी मॅडमना हो म्हटलेलं नाही.

आता माझं राहू दे. दादाचं काय ते नीट सांग. छत्तीसची बत्तीस ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. उद्या सकाळी खिडकीपाशी उभं करून त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघ, पिवळा दिसतो का. लघवीचा रंग विचार, लाजू नकोस. अंगाला खाज सुटते का? पाठ पुढे वाकून बसलं की कमी दुखते का? हे सगळं मला लिही, आणि लिहिण्याच्या आधी त्याला डॉक्टरकडे ने. दुकान एक दिवस बंद राहिलं तर कुणी उघडं फिरणार नाही.

तुझी नणंद

१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

ह्यांना दाखवून आणलं. अल्सर आहे. गोळ्या दिल्या आहेत आणि तिखट बंद. काळजीचं कारण नाही. तू उगाच घाबरवतेस, तुम्हा नर्सबायकांना सगळीकडे मोठंच दिसतं. पिवळं वगैरे काही नाही. मी नीट बघितलं.

तू तुझ्या डोळ्यांकडे लक्ष दे. इकडे येण्याची दगदग करू नकोस, प्रवासात धूळ असते. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, म्हणून आज एवढंच.

तुझी वहिनी

२८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात तू कुणाला एक शिवीही दिलेली नाहीस, माझी थट्टा नाही, गोळीचं नाव नाही. तुझ्या हाताचं पत्र आहे पण तुझं वाटत नाही.

रविवारी घरी फोन केला. दादाने उचलला, “बरं आहे, ठेवतो,” म्हणाला आणि ठेवला. दादा! जो चुकीचा नंबर लागला तरी दहा मिनिटं गप्पा मारतो. मला वाटतं त्याला ऑपरेशनचं कळलं आहे आणि तो चिडला आहे. तू सांगितलंस का? सांगितलं असशील तर सांगितलं, मी रागावणार नाही. आपण ठेवलेल्या नावापायी बहिणीने डोळे कापून घेतले असं त्याच्या मनाने घेतलं असेल. तसं नाही हे मला त्याला समोर बसून सांगायचं आहे.

मी रजेचा अर्ज दिला आहे. १० मेला येते. माझं तोंड बघून घाबरू नका म्हणजे झालं.

तुझी नणंद

४ मे

प्रिय वन्सं,

हे पत्र मी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहिते आहे.

अल्सर नाही. स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती यकृतात पसरली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने, चार झाले तर नशीब. डोळे पिवळे होते. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी बघितले, खिडकीपाशी उभं करून. ते म्हणत होते, काय बघतेस, प्रेमात पडलीस का?

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. हे बाहेर बाकावर बसून समोरच्या लिफ्टचं दार नीट का लागत नाही ते वॉचमनला समजावत होते. मी बाहेर आले, ह्यांनी वर बघितलं, आणि माझ्या तोंडून अल्सर हा शब्द निघून गेला. कसा निघाला मला माहीत नाही. ते म्हणाले, “अरे वा, सुटलो.” मग मला मागे फिरता आलं नाही. रोज एक खोटं वाढतंय. मी दिवसभर हसते वन्सं. हसून हसून गाल दुखतात. दुकानात आले की शटर ओढून पाच मिनिटं रडते, तोंड धुते आणि मशीनवर बसते. ह्यांना कळलं तर ते त्याच दिवशी हात पाय गाळतील. मला त्यांचे जेवढे दिवस उरलेत तेवढे हसते हवे आहेत.

म्हणून तुला एक मागते. राग मानू नकोस. मानलास तरी मी मागणारच आहे. तू आत्ता येऊ नकोस. त्या सात नंबरच्या आजोबांचं तू लिहिलं होतंस ना, त्यांना काहीही झालेलं नव्हतं तरी तुझं तोंड बघून त्यांनी किल्ल्या वाटल्या. ह्यांना तर झालंय. तू दारात उभी राहिलीस की मी इतके दिवस रचलेलं एका मिनिटात पडेल. काळा चष्मा लावून येईन म्हणशील तर ते पहिल्यांदा चष्माच काढायला लावतील, तुझा भाऊ तुला माहीत आहे.

तू ते दुरुस्तीचं ऑपरेशन करून घे. डोळे शांत झाले की ये, हसत ये. तोवर मी त्यांना धरून ठेवते. मीच तुला घाई करू नकोस म्हणाले होते, ते शब्द परत घेते.

तुझी वहिनी

११ मे

प्रिय वहिनी,

रजेचा अर्ज परत घेतला. तीन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की दोनदा पत्र लिहून फाडलं. माझा भाऊ आहे तो, तुझा नवरा व्हायच्या आधीपासूनचा.

मग वाटलं, मी तरी चोवीस वर्षं काय केलं? नातेवाईक कोपऱ्यात नेऊन सांगायचे, सिस्टर, त्यांना कळू देऊ नका. मी जायची आणि म्हणायची, काका, रंग बरा आहे आज. ते मला जमायचं, कारण अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांत कुणाला काही सापडत नसे. परक्यांसाठी हे रोज केलं. दादासाठी करायची वेळ आली तेव्हा तोंडच राहिलं नाही.

तीन महिने म्हणजे जुलै. मॅडमची तारीख ऑगस्टची. हे जमत नाही. मी बघते काय करता येतं ते. दुखायला लागायची वाट न बघता त्याला दुखण्याची गोळी घड्याळ लावून दे.

तुझी नणंद

३० मे

प्रिय वहिनी,

ऑपरेशन ४ जूनला ठरलं. दोन्ही पापण्या एकदम. मॅडम एकेक करणार होत्या, मी पाया पडले. कातडी नीट बसावी म्हणून दोन्ही डोळे टाके घालून आठ दिवस बंद ठेवणार. १२ तारखेला टाके निघतील, १४ ची गाडी मी बघून ठेवली आहे. दादाला सांग, पेंगूला रजा मिळाली.

तारीख कशी मिळाली ते दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. तुझं पत्र आल्यानंतर बारा दिवस मी मलम घातलं नाही. पट्टी लावली नाही. पंखा तोंडावर सोडून उघड्या डोळ्यांनी पडून राहिले. डोळ्यांत वाळू टाकून कुणीतरी चोळतंय असं दुखतं. सहाव्या दिवशी वाटलं पुरे, मलमाची ट्यूब हातात घेतली आणि परत ठेवली. आता डाव्या बुबुळावर जखम झाली आहे. मॅडमनी दिव्याखाली बघून विचारलं, “मलम चुकवलंस?” मी नाही म्हटलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ह्या डोळ्यांनी खोटं पचत नाही, त्यांना कळलं असणार. पण जखम खरी होती, तारीख द्यावीच लागली.

खोटं बोलता यावं म्हणून डोळे सुकवून घेणारी मी पहिलीच असेन. हसू नकोस. किंवा हास, तुझा तेवढाच सराव होईल.

वॉर्डातल्या आयामावशी माझ्याजवळ राहणार आहेत. तुझं पत्र त्या दिवसांत आलं तर ते मी कुणाकडून वाचून घेणार नाही, टाके निघाल्यावर स्वतः वाचेन. भीती अजून वाटते. पण आता जायचं ठरलंय, त्यामुळे बरं वाटतंय.

तुझी नणंद

१३ जून

प्रिय वन्सं,

९ तारखेला सकाळी हे गेले. मी तुला फोन केला तेव्हा मेट्रनबाईंनी रिसीव्हर तुझ्या कानाला लावला होता म्हणे. तुझा फक्त श्वास ऐकू येत होता. तुझे डोळे शिवलेले होते आणि तुला तसंच तिथे ठेवून मी फोन ठेवला.

डॉक्टरांचे तीन महिने खोटे निघाले. शेवटी कावीळ वाढली आणि चार दिवसांत आटोपलं.

सोबत एक पत्र आहे. ते ह्यांचं आहे, तुला लिहिलेलं. १४ मेला त्यांनी ते माझ्याकडे पोस्टात टाकायला दिलं. पाकीट उघडंच होतं. म्हणाले, डिंक संपलाय, दुकानात चिकटव. मी दुकानात गेले आणि वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. मग ते मशीनच्या खणात रिळांच्या खाली ठेवून दिलं. मी रोज खण उघडायची, दोरा घ्यायची, खण बंद करायची.

वाचून मला कळलं की ह्यांना सगळं माहीत आहे. तरी संध्याकाळी घरी जाऊन म्हटलं, “आज रंग बरा आहे, अल्सर भरत आलाय.” ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हो ना.” त्यानंतर पंचवीस दिवस आम्ही असंच बोलत होतो. मला थांबता आलं नाही वन्सं. पत्र खणात आहे तोवर काही झालेलं नाही, असं वाटायचं. पत्र टाकलंस का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. शेवटच्या आठवड्यात सकाळी उठले की विचारायचे, गाडी किती वाजता येते?

तुझं मलमाचं पत्र आलं तेव्हा मी तुला थांबवायला फोन उचलला होता. नंबर अर्धा फिरवून खाली ठेवला. आता काय म्हणायचं ते तू म्हण.

तुझी वहिनी

(सोबतचं पत्र)

१४ मे

पेंगू,

तुझ्या वहिनीला वाटतं की मला अल्सर आहे असं मला वाटतं. मी लिफ्टवाला माणूस आहे. चौथ्या मजल्यावरचा आवाज ऐकून तळाशी काय झिजलंय ते सांगतो, आणि हे तर माझं स्वतःचं पोट आहे.

तुझ्या डोळ्यांचंही माहीत आहे. ही तुझी पत्रं शिलाईच्या गठ्ठ्यात लपवते आणि ते गठ्ठे उचलून मीच रिक्षात ठेवायचो. गठ्ठे उचलवत होते तोवरची सगळी वाचली. वाईट वाटलं. फोनवर तुझ्याशी धड बोलता येईना, कारण बोललो असतो तर सगळंच बोललो असतो आणि ही शेजारी उभी होती. सात नंबरच्या म्हाताऱ्याचं वाचून मात्र इतका हसलो की पाठीत कळ आली.

तू येणार होतीस आणि अचानक गप्प झालीस. हिने अडवलं असणार. तिचं ऐकू नकोस, आत्ता आहेस तशी ये. का ते सांगतो. ह्या घरात माझं दुखणं कुणी कबूलच करत नाही. ही दिवसभर हसते आणि आतल्या आत वाळत चालली आहे. सत्तावीस वर्षांत हिच्याशी दोन गोष्टी बोलायच्या राहिल्या आहेत. मी विषय काढला की ही उठून घरच्या मशीनवर बसते आणि नसलेल्या कापडावर टीप मारते. तिला तोंडावर खोटं पाडायचा धीर माझ्यात नाही. मी गेल्यावर ती एकटी रडणार आहे, त्यापेक्षा एकदा माझ्यासमोर रडू दे तिला.

तू आलीस, दारात उभी राहून त्या नवीन डोळ्यांनी माझ्याकडे बघितलंस, की काम झालं. कुणाला काही बोलायला लागणार नाही. ऑपरेशन नंतर कर. मी जायच्या आत ये.

दादा

२४ जून

प्रिय वहिनी,

डाव्या डोळ्याची जखम भरेना म्हणून टाके तीन दिवस उशिरा, १५ तारखेला निघाले. दोन्ही पत्रं मीच वाचली, उजव्या डोळ्याने, चार चार ओळींनी थांबत. डाव्या बुबुळावरची जखम मधोमध होती, तिचा पांढरा वण राहिला. त्या डोळ्याने मला माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही. मॅडम म्हणतात, बघू पुढे काही करता आलं तर.

पापण्या छान बसल्या आहेत. मिटतात. ठिगळ जवळून दिसतं, पण मला तुझ्यासारखं कुणी जवळून बघणारं इथे नाही. काल मेट्रनबाईंनी मला वॉर्डात उभं करून बघितलं. एका बाईंना मी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही. त्यांचे रक्ताचे रिपोर्ट सगळे वाईट आलेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ते पटलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

मला आता पुन्हा लपवता येतं. म्हणून ठरवलं की तुझ्यापासून लपवायचं नाही, आणि हे लिहू की नको ह्यात चार दिवस गेले.

माझा भाऊ वाट बघत गेला आणि मी मुद्दाम आले नाही असं समजून गेला असेल, ह्याचा मला तुझ्यावर राग आहे. तो जाईल असं वाटत नाही. स्वतःवरही आहे. येऊ नकोस असं तुझं पत्र आलं तरी मी तशीच निघून यायला हवं होतं. नर्स असून मी मलम बंद करायचं ठरवलं, गाडीत बसायचं मात्र ठरवलं नाही.

पण दुसरी गोष्ट जास्त लागते. दादाचं पाकीट कधी उघडं नसायचं. बिलाचं पाकीटसुद्धा तो चिकटवून वरून हाताने दाबून बघायचा. घरात डिंक संपला असता तर भाताच्या शिताने चिकटवलं असतं त्याने. माझं पत्र त्याने उघडं तुझ्या हातात दिलं, आणि तू संध्याकाळी घरी आलीस तेव्हा तुझ्याकडे बघत राहिला. तू वाचशील हे त्याला माहीत होतं. तू वाचावंस म्हणूनच दिलं होतं. मी येईन की नाही ह्याचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून जे तुझ्यासमोर बोलवत नव्हतं ते माझ्या नावाने तुला लिहिलं. मग तो पंचवीस दिवस तू काहीतरी बोलशील म्हणून थांबला.

हे वाचून तुला काय होईल ते मला कळतं. एकटीने वाचू नकोस असं लिहिणार होते, पण तुझ्याजवळ आता कोण आहे?

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. माझ्यासमोर हसायचं नाही. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, उजव्या डोळ्याने मला चांगलं दिसतं.

तुझी नणंद